लाकडापासून ग्राफाइटपर्यंत : विजेत्यांनी रॅकेट कशी निवडली?

एप्रिल १९९१. मॉन्टे कार्लोच्या तांबड्या मातीवर ब्यॉर्न बोर्ग पुन्हा एकदा उतरला. सलग पाच विम्बल्डन आणि सहा फ्रेंच ओपन जिंकून वयाच्या सव्विसाव्या वर्षीच निवृत्ती जाहीर केलेला हा स्वीडिश खेळाडू आता चौतीस वर्षांचा होता. लोकांची नजर आधी त्याच्या चेहऱ्याकडे गेली आणि मग हाताकडे. त्याच्या हातात लाकडी रॅकेट होती. पलीकडे स्पेनचा जोर्डी आरेसे ग्राफाइटची रॅकेट घेऊन उभा होता. सामना आरेसेने ६-२, ६-३ असा सहज जिंकला.

या पराभवाची थट्टा झाली. व्यावसायिक टेनिसमधून लाकूड हद्दपार होऊन तोवर बरीच वर्षे लोटली होती; बोर्गला मात्र त्याची खबरच नाही, असे चित्र रंगवले गेले. पण बोर्ग अजाण नव्हता. रॅकेटच्या बाबतीत त्याच्याइतका चोखंदळ खेळाडू त्याच्या पिढीत क्वचितच सापडेल. इतर खेळाडू साधारण ५५ ते ६० पौंड ताणावर गटिंग करून घेत, तेव्हा बोर्ग सुमारे ८० पौंडांवर करून घेई. एवढ्या ताणाखाली हॉटेलच्या खोलीत ठेवलेल्या रॅकेटच्या तारा रात्री आपोआप तटातट तुटत, अशा आठवणी त्याच्याबद्दल सांगितल्या जातात. नवख्याला वाटते की तारा घट्ट म्हणजे फटका जोरदार. प्रत्यक्षात उलटे आहे. सैल तारा चेंडूला झोल्यासारखे झेलून जोरात परत फेकतात. घट्ट तारांतून जोर कमी मिळतो, पण चेंडू कुठे जाईल हे अधिक नेमके सांगता येते. बोर्गला जोर रॅकेटकडून नकोच होता. तो स्वतःच्या खांद्यातून आणि मनगटातून काढत असे. रॅकेटकडून त्याला हवा होता तो आज्ञाधारकपणा.

असा माणूस जुनीच रॅकेट हाती घेऊन परततो, तेव्हा त्यामागे हट्टाखेरीज आणखीही काही असते. ते काय, हे समजण्यासाठी लाकडाच्या काळात जावे लागते.

विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ मध्ये झाली आणि त्यानंतरची जवळजवळ शंभर वर्षे रॅकेट म्हणजे लाकूड हेच समीकरण होते. सुरुवातीला ॲश वृक्षाच्या लाकडाची एकच पट्टी वाफेवर वाकवून चौकट घडवली जाई. पुढे पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून अधिक मजबूत चौकटी बनू लागल्या. १९३१ मध्ये बाजारात आलेल्या डनलॉप कंपनीच्या ‘मॅक्सप्लाय’ रॅकेटचे नावच या अनेक पदरांची आठवण देणारे आहे. लांबी २७ इंच, वजन १३ ते १४ औंस, म्हणजे सुमारे ३७० ते ४०० ग्रॅम. तारांनी विणलेला लंबगोल भाग, ज्याला खेळाडू ‘हेड’ म्हणतात, तो जेमतेम ६५ ते ७० चौरस इंचांचा. त्याहून मोठे हेड लाकडात करणे अवघड होते, कारण दोन्ही दिशांनी ओढणाऱ्या तारांचा भार लाकडी कडे पेलू शकत नसे. लाकूड हवेतला दमटपणाही शोषून घेई. म्हणूनच खेळ संपला की रॅकेट चार स्क्रूंच्या लाकडी प्रेसमध्ये कसून ठेवावी लागे. नाही तर पावसाळ्यानंतर ती पापडासारखी वाकलेली मिळे.

गंमत अशी की, सगळ्या रॅकेट एकाच आकाराच्या असल्यामुळे त्या काळी निवड सोपी असेल असे वाटते. प्रत्यक्षात ती अतिशय सूक्ष्म होती. झाडाच्या दोन फांद्या एकसारख्या नसतात, तशा एकाच साच्यातल्या दोन चौकटीही एकसारख्या नसत. एक किंचित लवचीक, दुसरी कडक. एकीचा भार मुठीकडे, दुसरीचा टोकाकडे. जाणता खेळाडू रॅकेटमागून रॅकेट हातात घेऊन, हवेत फिरवून, त्यातली एखाद-दुसरी बाजूला काढी. हे मोजमाप तराजूचे नव्हते, तळहाताचे होते. आणि एकदा जमलेली रॅकेट तुटली की तशीच दुसरी मिळेल याची खात्री नसे.

या शतकभराच्या स्थैर्याला पहिला तडा दिला तो एका माजी विजेत्याने. १९२०च्या दशकात एकेरीची सात ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवणारे फ्रान्सचे रेने लाकोस्त आज मगरीच्या चिन्हाच्या शर्टामुळे ओळखले जातात, पण त्यांचे डोके यंत्रज्ञाचे होते. त्यांनी पोलादी नळीची रॅकेट तयार केली. चौकटीला छिद्रे पाडून तारा ओवण्याऐवजी त्यांनी नळीभोवती तारेचे वेटोळे गुंडाळले आणि गट त्या वेटोळ्यांना अडकवला. अमेरिकेत विल्सन कंपनीने १९६७ मध्ये ती ‘टी-२०००’ या नावाने आणली आणि त्याच वर्षी बिली जीन किंग हिने पोलादी रॅकेटने अमेरिकन स्पर्धा जिंकली.

सगळ्यांनी लगेच लाकूड टाकून पोलाद घेतले असेल? मुळीच नाही. टी-२००० चा जोर मोठा होता, पण चेंडू कधी दोन फूट बाहेर जाईल याचा नेम नव्हता. अनेकांनी ती वापरून पाहिली आणि बाजूला ठेवली. एक माणूस मात्र तिला चिकटला, तो जिमी कॉनर्स. चेंडू उसळी घेत असतानाच, फारशी फिरकी न देता, सपाट आणि सरळ ठोकणे ही त्याची शैली. इतरांना जो जोर आवरत नव्हता, तोच त्याच्या फटक्याला हवा होता. १९७४ मध्ये विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन या दोन्ही अंतिम सामन्यांत त्याने केन रोझवॉलचा धुव्वा उडवला. कंपनीने पुढे ही रॅकेट बनवणे बंद केले, तरी कॉनर्स जुन्या चौकटी शोधून, साठवून खेळत राहिला. दुसऱ्या कुणाच्याही हातात निकामी ठरलेले हत्यार एकाच्या हातात दीड दशकाहून अधिक काळ चालले.

१९७५च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात तर लाकडी रॅकेट कोणाच्याच हाती नव्हती. कॉनर्सकडे पोलाद होते आणि त्याला हरवणाऱ्या आर्थर ॲशकडे वेगवेगळे पदार्थ एकत्र करून बनवलेली मिश्र चौकट. लाकडाचे युग संपले असे कुणीही म्हणाले असते. पण लगेच पुढची पाच वर्षे, १९७६ ते १९८०, विम्बल्डन जिंकले ते बोर्गने, आणि तेही लाकडावर. साहित्य बदलले म्हणजे खेळ बदलला असे होत नाही, हे इथे स्पष्ट दिसते. खेळ बदलला तो आकारामुळे, आणि तो बदल घडवणारा माणूस टेनिसमध्ये अगदी सुमार होता.

हॉवर्ड हेड हे मूळचे विमान उद्योगातले अभियंता. विमानाच्या अंगात वापरली जाणारी थरांची पद्धत वापरून त्यांनी धातूच्या स्की बनवल्या, कंपनी उभारली, ती विकून निवृत्त झाले आणि टेनिस शिकू लागले. धडे घेऊनही खेळ सुधारेना. मग त्यांनी ‘प्रिन्स’ या, सरावासाठी चेंडू फेकणारी यंत्रे बनवणाऱ्या छोट्या कंपनीत लक्ष घातले. आधी यंत्र सुधारले आणि मग रॅकेटकडे वळले. (रॅकेटच्या ‘हेड’चा आकार बदलणाऱ्याचे आडनावही हेड असावे, हा इतिहासाचा खोडकरपणा.) त्यांना एक साधी गोष्ट खुपत होती. चेंडू मध्यभागी न लागता कडेला लागला की रॅकेट मुठीत पिळली जाते. पिळाला विरोध करायचा तर वजन वाढवावे, हा सरळ उपाय. पण मग हात दमतो. हेड यांनी भौतिकशास्त्राकडे पाहिले. कडेचे वजन मधल्या अक्षापासून जितके दूर, तितका पिळाला होणारा विरोध वाढतो, आणि तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वजन न वाढवता रुंदी वाढवली तरी काम भागते. टेनिसच्या नियमांत तोवर रॅकेटच्या आकाराविषयी एक अक्षरही नव्हते. १९७६ मध्ये ‘प्रिन्स’ची ॲल्युमिनियमची रॅकेट बाजारात आली. तिचे हेड ११० चौरस इंचांचे, म्हणजे लाकडी रॅकेटच्या दीडपटीहून मोठे होते. त्याच वर्षी हेड यांना पेटंटही मिळाले.

मुरलेल्या खेळाडूंनी ही रॅकेट हसण्यावारी नेली. ज्यांचा चेंडू मध्यभागी लागतच नाही, त्यांच्यासाठी ठीक आहे, असा सूर होता. १९७८ मध्ये सोळा वर्षांची पॅम श्रायव्हर हीच मोठी रॅकेट घेऊन अमेरिकन ओपनमध्ये उतरली, उपांत्य फेरीत तिने मार्टिना नवरातिलोव्हाला हरवले आणि अंतिम फेरी गाठली. तिथे ती ख्रिस एव्हर्टकडून हरली. पण नंतर कुणी फारसे हसले नाही.

नियमपुस्तकातले ते रिकामे पान दुसऱ्याही एका माणसाच्या लक्षात आले होते. जर्मनीचे वेर्नर फिशर यांनी तारांची विणच बदलली. नेहमीच्या रॅकेटमध्ये उभ्या-आडव्या तारा एकमेकींत गुंफलेल्या असतात. फिशर यांनी उभ्या तारांचे दोन थर केले, आडव्या तारा त्यांच्या मधोमध ठेवल्या आणि उभ्या तारांवर प्लॅस्टिकच्या नळ्या चढवल्या. चेंडू आदळला की उभ्या तारा एकत्र सरकत आणि झटक्याने जागेवर येताना चेंडूला अफाट फिरकी देत. या ‘स्पॅगेटी’ रॅकेटने १९७७ साली हाहाकार उडवला. अमेरिकेच्या माइक फिशबाखने ती घेऊन अमेरिकन ओपनमध्ये माजी विजेत्या स्टॅन स्मिथला हरवले. ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधल्या एक्स-अँ-प्रोव्हान्स येथे इली नास्तासेने गियेर्मो विलासविरुद्ध ती वापरली. विलास तेव्हा मातीच्या कोर्टवर सलग ५३ सामने जिंकत आला होता. दोन सेट गमावल्यावर त्याने संतापून सामना सोडून दिला आणि ती मालिका तिथेच थांबली. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने तातडीने या रॅकेटवर बंदी घातली आणि १९७८ मध्ये, खेळ सुरू होऊन शंभर वर्षे उलटल्यावर, रॅकेट कशाला म्हणावे याची पहिली व्याख्या नियमांत लिहिली. तारांची वीण एकसारखी आणि सपाट असावी, तारा एकमेकींत गुंफलेल्या असाव्यात, हे तेव्हापासून बंधनकारक झाले. फिशर यांची कल्पना मात्र मेली नाही. ती वीस वर्षांनी दुसऱ्या रूपात परत आली. त्याकडे पुढे येऊच.

१९८१ मध्ये जॉन मॅकॅन्रोने बोर्गला हरवून विम्बल्डन जिंकले. पुरुष एकेरीत लाकडी रॅकेटने जिंकलेले ते शेवटचे विम्बल्डन. १९८३ची फ्रेंच ओपन यानिक नोआने लाकडावर जिंकली आणि त्यानंतर कुठल्याच ग्रँड स्लॅम विजेत्या पुरुषाच्या हाती लाकूड दिसले नाही. मॅकॅन्रो स्वतः १९८३ मध्ये लाकडी मॅक्सप्लाय सोडून ग्राफाइटच्या ‘मॅक्स २००जी’ कडे वळला. पुढच्याच वर्षी त्याने ८५ पैकी ८२ सामने जिंकले. मॅकॅन्रोची निवड नीट पाहण्यासारखी आहे. बाजारात तेव्हा याहून मोठ्या, ताठ, जोरकस रॅकेट होत्या. त्याने घेतली ती मऊ, लवचीक, लाकडाच्या जवळ जाणारी. त्याचे सामर्थ्य नेटजवळ चेंडू अलगद टेकवण्यात होते. ग्राफाइटची ताकद त्याला हवी होती, पण बोटांना जाणवणारी चेंडूची खबर गमावून नव्हे.

कार्बनचे बारीक तंतू राळेत बसवून घडवलेले हे ग्राफाइट म्हणजे विमान आणि अवकाश उद्योगाची देणगी. लाकडापेक्षा कित्येक पटींनी ताठ, आणि मुख्य म्हणजे हव्या त्या जागी हवे तेवढे देता येणारे. चेंडू आणि तारांचा संपर्क सुमारे पाच सहस्रांश सेकंदच टिकतो. तेवढ्या वेळात लवचीक चौकट मागे वाकते, पण ती सरळ होण्याच्या आतच चेंडू निघून गेलेला असतो. वाकण्यात गेलेली ऊर्जा फुकट जाते. ताठ चौकट वाकत नाही, म्हणून तिच्यातून जोर अधिक मिळतो. हे सूत्र १९८७ मध्ये ‘विल्सन प्रोफाइल’ या जाडजूड रॅकेटने टोकाला नेले. क्लबात शनिवार-रविवारी खेळणाऱ्यांनी अशा रॅकेट उचलून धरल्या. पण सर्वोच्च पातळीवरचे खेळाडू त्यांच्यापासून दूर राहिले. त्यांच्याकडे जोर आधीच होता. आणखी जोर म्हणजे चेंडू रेषेबाहेर. शिवाय ताठ चौकटीचा हादरा थेट कोपरात उतरतो, आणि वर्षाकाठी हजारो फटके मारणाऱ्याला ते परवडत नाही.

इथून दुकानातली रॅकेट आणि विजेत्याची रॅकेट यांचे रस्ते वेगळे झाले. दुकानातली दरवर्षी बदलू लागली, विजेत्याची बदलेना. मग एक तडजोड रूढ झाली, जिला टेनिसच्या वर्तुळात ‘पेंट जॉब’ म्हणतात. खेळाडू आपली जुनी, सवयीची चौकटच वापरी, फक्त तिच्यावर नव्या मॉडेलचा रंग चढवलेला असे. दूरचित्रवाणीवर पाहून तीच रॅकेट विकत आणणाऱ्या कित्येक तरुणांच्या हाती प्रत्यक्षात वेगळीच वस्तू पडत असे.

विजेत्याची रॅकेट घडवणे हे स्वतंत्र कसब झाले. अमेरिकेतले वॉरन बॉसवर्थ यांनी इव्हान लेंडल, मार्टिना नवरातिलोव्हा यांच्यासारख्यांच्या रॅकेट तयार करून या कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली. हातात घेऊन हवेत फिरवण्याची जुनी पद्धत आता आकड्यांत उतरली. एकूण वजन किती, हा पहिला प्रश्न. पण तो अपुरा. वजन कुठे आहे, म्हणजे तोल मुठीकडे की टोकाकडे, हा दुसरा. फिरवताना ती किती जड वाटते, म्हणजे ‘स्विंगवेट’, हा तिसरा आणि बहुधा सर्वांत महत्त्वाचा. ३४० ग्रॅमच्या दोन रॅकेट तराजूवर सारख्या असल्या तरी टोकाकडे भार असलेली हातात हातोड्यासारखी वाटते. त्यानंतर चौकटीचा ताठरपणा, तारांची वीण दाट की विरळ, गट कोणता आणि ताण किती, मुठीचा आकार. शिशाच्या पातळ चिकटपट्ट्या हे या कारागिराचे मुख्य हत्यार. हेडच्या दोन्ही बाजूंना लावल्या की रॅकेट कमी पिळली जाते. टोकाला लावल्या की फटक्यात वजन येते. मुठीत भरल्या की तोल मागे सरकतो. हे सारे एका रॅकेटवर साधून भागत नाही. खेळाडूच्या पिशवीतल्या सगळ्या रॅकेट जुळ्या बहिणींसारख्या असाव्या लागतात, कारण निर्णायक क्षणी तार तुटली तर दुसरी काढून लगेच तोच फटका मारता आला पाहिजे.

नवशिका हलकी रॅकेट घेतो आणि कसलेला खेळाडू जड, याचे कारणही इथेच आहे. ताशी दोनशे किलोमीटरच्या सर्व्हिसला सामोरे जाताना हलकी रॅकेट मागे ढकलली जाते. जड रॅकेट जागा सोडत नाही. अट एकच, ती तीन तास फिरवण्याइतके बळ आणि वेळेवर चेंडूमागे पोहोचण्याइतके पाय हवेत.

या साऱ्याचे सर्वांत कडक उदाहरण म्हणजे पीट सॅम्प्रस. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात आलेली ‘विल्सन प्रो स्टाफ’ ही ८५ चौरस इंची रॅकेट. ग्राफाइटमध्ये केव्हलारचे तंतू विणलेले, आणि हेडच्या दोन्ही बाजूंना पिळ रोखण्यासाठी फुगवटे. स्टेफान एडबर्ग आणि जिम कुरियर यांनीही तीच वापरली. सॅम्प्रसने मात्र तिचे व्रतच घेतले. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या कारखान्यात बनलेल्या चौकटीच त्याला हव्या असत. तो कारखाना बंद झाल्यावरही त्याने त्याच मिळवल्या. त्यावर शिशाची पट्टी, जनावरांच्या आतड्यापासून बनलेला नैसर्गिक गट, ७० पौंडांहून अधिक ताण; सगळे मिळून वजन चारशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ लाकडी रॅकेटइतके. ज्याचा फटका अचूक मध्यभागी लागतो त्याला या रॅकेटने जे दिले, ते दुसरी कुठलीही देऊ शकली नसती. सात विम्बल्डन, एकूण चौदा ग्रँड स्लॅम. ज्याचा लागत नाही, त्याला मात्र ती माफ करत नसे.

आणि १९९७ मध्ये जमीन हलली. जागतिक क्रमवारीत ६६ व्या स्थानी असलेला ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तेन फ्रेंच ओपन जिंकला. त्याच्या रॅकेटमध्ये बेल्जियमच्या लुक्सिलॉन कंपनीची पॉलिएस्टरची तार होती. ही तार कडक आणि गुळगुळीत. चेंडू लागला की उभ्या तारा आडव्यांवरून घसरतात आणि झटक्यात परत येतात. ‘स्पॅगेटी’ रॅकेट जे करत होती, तेच थोड्या प्रमाणात, पण आता पूर्णपणे नियमात. खेळाडू पूर्ण ताकदीनिशी फटका मारू लागले आणि टॉपस्पिनमुळे चेंडू तरीही रेषेच्या आत पडू लागला. मोठे हेड आणि पॉलिएस्टर एकत्र आल्यावर, जोर की नियंत्रण हे जुने कोडे निराळ्याच रीतीने सुटले. १८७५ पासून गट बनवणाऱ्या बाबोला कंपनीने १९९४ मध्ये रॅकेट काढायला सुरुवात केली. १९९८ मध्ये कार्लोस मोया तिच्याच रॅकेटने फ्रेंच ओपन जिंकला, आणि काही वर्षांत राफाएल नदाल नावाचा मोयाच्याच मायोर्का बेटावरचा मुलगा १०० चौरस इंची बाबोला घेऊन आला.

सॅम्प्रस ८५ वरच राहिला. फ्रेंच ओपन त्याला कधीच जिंकता आली नाही. १९९६ची उपांत्य फेरी हीच त्याची मजल. निवृत्तीनंतर त्याने स्वतःच कबूल केले की मातीवर तरी मोठी रॅकेट वापरून पाहायला हवी होती. ही कबुली वाचताना त्याला दोष देण्याचा मोह आवरावा. चौदा विजेतेपदे देणारे हत्यार बदलायला कोणत्या क्षणी सांगायचे? जिंकत असताना ते वेडेपणाचे वाटते आणि हरू लागल्यावर उशीर झालेला असतो. बोर्गनेही मॉन्टे कार्लोनंतर अखेर ग्राफाइट हाती घेतले. त्या पुनरागमनात त्याला एकही सामना जिंकता आला नाही.

२००१ मध्ये विम्बल्डनच्या चौथ्या फेरीत सॅम्प्रसला पाच सेटमध्ये हरवणाऱ्या एकोणीस वर्षांच्या रॉजर फेडररच्या हातातही ८५ इंची प्रो स्टाफच होती. आरशात पाहावे तसा तो सामना होता. पण फेडररने पुढच्याच काळात ९० चौरस इंची रॅकेट घेतली, उभा नैसर्गिक गट आणि आडवे पॉलिएस्टर अशी मिश्र वीण ठेवली आणि २०१२ पर्यंत सतरा ग्रँड स्लॅम जिंकली. प्रश्न एकाच ठिकाणी अडत होता. डावखुऱ्या नदालचा टॉपस्पिन मारलेला चेंडू त्याच्या एकहाती बॅकहँडकडे, खांद्याच्या उंचीवर उसळून येई. त्या उंचीवर ९० इंची हेडचा मध्यबिंदू गाठणे त्यालाही नेहमी जमत नसे. चेंडू कडेला लागून आखूड पडे आणि पुढचा फटका नदालचा असे.

२०१३ हे फेडररचे सर्वांत वाईट वर्ष. विम्बल्डनच्या दुसऱ्याच फेरीत ११६ व्या क्रमांकाच्या सर्गी स्ताखोव्हस्कीने त्याला हरवले. काही आठवड्यांतच तो हॅम्बुर्गला काळ्या रंगाची, ९८ चौरस इंची, प्रायोगिक रॅकेट घेऊन उतरला. उपांत्य फेरीत हरला. गस्टाडला पहिल्याच सामन्यात हरला. पाठ दुखत होती. तो पुन्हा ९० कडे वळला आणि अमेरिकन ओपनमध्येही चौथ्या फेरीत बाद झाला. बत्तिसाव्या वर्षी जुने सुटत नाही आणि नवे जमत नाही, अशी ती अवस्था. इथे थांबला असता तर कुणी त्याला नावे ठेवली नसती.

२०१४च्या आरंभी त्याने ९७ चौरस इंची रॅकेट कायमची स्वीकारली. फळ लगेच मिळाले नाही. २०१४ आणि २०१५ची विम्बल्डन, २०१५ची अमेरिकन ओपन, तिन्ही अंतिम सामने तो नोव्हाक जोकोव्हिचकडून हरला. २०१६ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीमुळे सहा महिने खेळ थांबला.

जानेवारी २०१७, मेलबर्न. कोर्टला नाव रॉड लेव्हरचे, लाकडी मॅक्सप्लाय घेऊन खेळलेल्या विजेत्याचे. अंतिम सामन्यात समोर नदाल. पाचव्या सेटमध्ये फेडरर १-३ असा मागे होता. मग नदालचे तेच उंच उसळणारे चेंडू येऊ लागले आणि फेडररने मागे न सरकता, उसळी पूर्ण होण्याआधीच, बॅकहँडने त्यांना सपाट परतवायला सुरुवात केली. त्याने सलग पाच गेम घेतले आणि सेट ६-३ असा जिंकला. साडेचार वर्षांनंतरचे ते पहिले ग्रँड स्लॅम होते आणि एकूण अठरावे.

त्याच्या नावाने दुकानात आलेल्या त्या रॅकेटचे हेड ९७ इंचांचे होते, पण वजन तारांशिवाय ३४० ग्रॅम; दुकानातल्या सर्वांत जड रॅकेटपैकी एक. फेडररने सात इंच स्वीकारले होते. वजन मात्र सोडले नव्हते.